चांगली आणि मिळण्यासारखी

जून लागला की आमच्या लायब्ररीत पुस्तक मागायला कुणी येत नाही. येतात ते फॉर्म भरायला. बारावीचा निकाल लागलेला असतो, सीईटीचे मार्क हातात असतात, आणि महाड-पोलादपूरकडच्या गावागावांतून पोरं, त्यांचे आईबाप, काका, मामा, एखाद्याबरोबर तर गावचे पोलीस पाटीलसुद्धा, जिना चढून वर येतात. मी या ज्युनियर कॉलेजची लायब्रेरियन. पुस्तकं देणं-घेणं हे माझं काम. पण वर्षातले दोन महिने मी आणि आमचे केमिस्ट्रीचे साळुंखे सर मिळून पोरांना पुढचं कॉलेज शोधून देतो. हे करा म्हणून आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. लायब्ररीतच का, तर ती वरच्या मजल्यावर आहे, सावित्री नदीच्या पुराचं पाणी अजून तिथपर्यंत चढलेलं नाही, आणि इन्व्हर्टर फक्त आमच्याकडे आहे.

या दोन महिन्यांत जे कानावर पडतं ते कुठल्या रजिस्टरात नोंदवायची सोय नाही. दरवर्षी भर पडत गेली आणि आता डोक्यात जागा उरलेली नाही. सर म्हणतात, "बाई, लिहून ठेवा, लोक पोट धरून हसतील." मी लिहायला बसले तर निम्म्या ठिकाणी मला स्वतःलाच हसू येईना. तरी सांगते. माझी लेक ऋतुजा, तिचाही एक किस्सा यात आहे. तो शेवटी सांगेन, कारण त्याला धीर गोळा करावा लागणार आहे.

*

सरांची एक यादी आहे. ज्या कॉलेजांची नावं पेपरात येतात ती त्यात नसतात. तिथे आमच्यातलं एखादं पोर पोचलं तर आम्ही पेढे वाटतो, इतकं ते क्वचित. यादीत असतात ती मन लावून शिकवणारी, वेळेवर परीक्षा घेणारी, होस्टेल असलेली आणि आमच्या पोरांच्या मार्कांत बसणारी कॉलेजं. अशी कॉलेजं असतात, हेच लोकांना पटत नाही.

ही यादी ऋतुजाने मोठ्या कार्डशीटवर लिहून दिली. तेव्हा ती आठवीत होती. शाळा सुटली की माझ्याकडे लायब्ररीतच येऊन बसायची, अक्षर सुरेख, सरांनी लगेच कामाला लावलं. वर मथळा दिला, 'चांगली आणि मिळण्यासारखी'.

आठवडा झाला तरी त्या यादीपुढे कुणी उभं राहीना. दासगावचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते, ते मथळा वाचून माझ्याकडे वळले.

"मॅडम, मिळन्यासारखी म्हनजे उरलेली ना?"

"उरलेली नव्हेत हो. चांगली आहेत."

"चांगली असती तर आमाला मिळाली असती काय?"

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी ऋतुजाकडून नवा मथळा लिहून घेतला, 'मोजक्याच जागा शिल्लक'. दुसऱ्या दिवशी यादीपुढे झुंबड. एकाने फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, आमच्या प्रतीकसाठी एक जागा बाजूला काढून ठेवा.

तीन दिवसांनी सरांनी स्वतःच तो मथळा काढून टाकला. मला म्हणाले, "बाई, जागा मोजक्या नाहीत, भरपूर आहेत. खोटं बोलून खरं कॉलेज द्यायचं, हे मला काही जमत नाही." जुना मथळा परत लागला आणि यादीपुढची गर्दी गेली ती गेलीच.

*

यादी तयार करायची सरांची पद्धत त्यांची स्वतःची. मे महिन्यात लोक लग्नांना जातात, सर एसटीने कॉलेजं बघत हिंडतात. प्रिन्सिपलना भेटत नाहीत. "ते काय सांगणार ते मला घरबसल्या माहीत आहे," म्हणतात. शिपायाला गाठून विचारतात, शनिवारी प्राध्यापक किती वाजता घरी जातात. प्रयोगशाळेत शिरून ब्युरेटची, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी फिरवून बघतात. घट्ट बसली असेल तर वर्षभर कुणी हात लावलेला नाही. मेसमध्ये जेवतात आणि स्वयंपाकीणबाईंना काल काय केलं होतं ते विचारतात.

एकदा घाटावरच्या एका जुन्या कॉलेजात वॉचमनने त्यांना मुलींच्या होस्टेलच्या बाथरूमपाशी पकडलं. सुट्टी होती, होस्टेल रिकामं होतं, पण पंचावन्न वर्षांचा परका माणूस तिथे काय करतोय, असं कुणालाही वाटणारच. वॉचमनने दंडाला धरून ऑफिसात आणून बसवलं. रेक्टरबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या तेव्हा सरांना घाम फुटलेला.

"बाई, दाराची कडी आतून लागते का, तेवढंच बघत होतो," सर म्हणाले.

रेक्टरबाईंनी त्यांच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मग? लागते का?"

"तिसऱ्या दाराची नाही लागत."

बाईंनी तिथल्या तिथे सुताराला फोन लावला. ते कॉलेज यादीत पहिल्या नंबरावर आलं आणि अजून तिथेच आहे. स्टाफरूममध्ये सर हा प्रसंग वॉचमनच्या आवाजासकट करून दाखवतात, सगळे हसतात.

कडी बघायची ही सवय त्यांना कशाने लागली ते मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनीच पाठवलेली आमची एक विद्यार्थिनी होस्टेल सोडून पहिल्याच महिन्यात घरी परतली. का परतली ते तिने कुणालाच सांगितलं नाही. शेवटी तिची आई पुस्तकं जमा करायच्या निमित्ताने माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, तिकडच्या न्हानीला कडी नव्हती." पुढच्या वैशाखात त्या मुलीचं लग्न लावून दिलं. सर लग्नाला गेले, आहेर केला, आणि जेवायला न थांबता परत आले.

*

ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने भरायची असतात. दहा भरा, वीस भरा, कुणी अडवत नाही. आमच्याकडचे लोक एकच भरतात. मला आधी वाटायचं हा आळस आहे. तसं नाही, त्यामागे विचार आहे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथला तुषार नावाचा मुलगा. वडील मुंबईत, म्हणून चुलत्यांबरोबर आला होता. फॉर्मवर एकच नाव, आणि तेही भल्याभल्यांना न मिळणारं.

"अजून चार-पाच टाका," सर म्हणाले.

"नाय सर," चुलते म्हणाले. "देवीला कौल लावून एकच मागलाय. तिनं उजवा दिलाय. आता वर दुसरा लिवला तर ती बोलंल, याचा माज्यावर विश्वास नाय."

सरांनी अर्धा तास समजावलं. चुलते हात जोडून ऐकत होते आणि मान हलवत होते. शेवटी सर म्हणाले, "मग देवीलाच विचारा ना, दुसरं नाव लिहू का म्हणून." हे मात्र चुलत्यांना पटलं. शेवटचा दिवस होता, साइट पाच वाजता बंद होणार होती. सरांनी चिठ्ठीवर यादीतल्या एका कॉलेजाचं नाव लिहून दिलं, तुषारला आमच्याकडे बसवलं आणि चुलते मोटरसायकलवरून वाडीला गेले. तिथे गुरवाने देवीच्या मूर्तीला डावीकडे आणि उजवीकडे एकेक फूल चिकटवलं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

तीन वाजता फोन आला. "फूल अजून पडला नाय."

चार वाजता पुन्हा आला. "हवा दमट हाय सर. चिकटून बसलाय."

पावणेपाचला सरांनीच केला. "काका, मी टाकतो नाव. देवीला सांगा, मास्तरची चूक आहे."

"नको सर. पोराच्या अंगाशी येयाचा."

तुषार माझ्यासमोर बसला होता. मी म्हटलं, "तुझं काय म्हणणं आहे?" तो म्हणाला, "काका बोलतील तसा." पाच वाजले, साइट बंद झाली, आणि सरांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं.

साडेपाचला फोन आला. फूल पडलं होतं. उजवं.

ते एकमेव नाव तुषारला मिळालं नाही, मिळणारच नव्हतं. आता तो मुंबईत एका बेकरीत आहे. गणपतीला गावी आला की लायब्ररीत डोकावतो, सरांच्या पाया पडतो, बिस्किटांचा पुडा ठेवून जातो. तो गेल्यावर सर हमखास म्हणतात, "एक बटण दाबायचं होतं, बाई." त्या दिवसापुरतं मग त्यांचं कशात लक्ष लागत नाही.

*

ऋतुजाचं थोडं आत्ताच सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

तिचे बाबा महाड डेपोत कंडक्टर होते. ती नववीत असताना अचानक गेले. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. लायब्ररी बंद केली की दोघी चालत घरी जायचो, वाटेत बाजारातून भाजी घ्यायचो, आणि दिवसभरात काय झालं ते ती घर येईपर्यंत सांगत राहायची. मी ऐकायची. माझा दिवस तेवढ्यासाठी असायचा.

तिला फार्मसीला जायचं होतं. कुठे, तेही ठरलेलं होतं. घाटावरचं ते जुनं कॉलेज, जिथल्या रेक्टरबाईंनी सुताराला बोलावलं होतं. तिचे मार्क तिथे आरामात बसत होते. सर तर दहावीपासूनच तिला त्या कॉलेजची मुलगी म्हणून हाक मारायचे. तिकडे गेली असती तर होस्टेलला राहिली असती, गणपती-दिवाळीला घरी आली असती. लायब्ररीत मी उठता-बसता लोकांना सांगायची, "पाठवा हो, पोरी राहतात, काही होत नाही." घरी येऊन दोन ताटं मांडताना मात्र मला धडकी भरायची.

*

पोलादपूरकडच्या बहुतेक गावांची मुंबईत एक खोली असते. आजोबा-पणजोबांच्या काळात गावकीने मिळून घेतलेली. गावातला कुणी नोकरीला गेला की पाठ टेकायला तीच खोली. अशाच एका खोलीवर राहणारे गृहस्थ दोन दिवसांची रजा काढून मुलीच्या फॉर्मसाठी आले.

"मॅडम, मुंबईचाच टाका," म्हणाले आणि एका फार मोठ्या कॉलेजचं नाव घेतलं. "आमच्या खोलीपासना चालत हाय. ऱ्हायाचा टेन्शन नाय."

"खोलीवर किती जण असता?"

"बारा. पाळी लावून झोपतो."

"सगळे पुरुष?"

"हां."

"मग ही कुठे राहील?"

त्यांनी याचा विचारच केला नव्हता. वीस वर्षं मुंबईत राहायची सोय म्हणजे खोली, एवढंच त्यांना ठाऊक. मग म्हणाले, "आमी भायेर झोपू मॅडम. पॅसेज मोठा हाय. गावचीच पोरगी, कोन नाय बोलनार नाय."

मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "नको बाबा."

त्या मोठ्या कॉलेजात तिचा नंबर तसाही लागत नव्हता. सरांच्या यादीतल्या तिसऱ्या कॉलेजात लागला. होस्टेल मिळालं, शिक्षक चांगले मिळाले, पहिल्या सेमिस्टरला वर्गात दुसरी आली. आम्ही दोघं हवेत. पुढच्या वर्षी गणपतीत ती भेटायला आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणतंय गाव?"

"गावानं बॅनर लावलाय, मॅडम. अभिनंदनाचा."

"वा. आमच्या यादीतल्या कॉलेजचं नाव झळकलं म्हणायचं."

"नाय. मुंबईच्या कॉलेजचं नाव हाय त्याच्यावर." तिच्या वडिलांनी खोलीवर ते मोठं नाव सांगून टाकलं होतं. दुसरं सांगितलं असतं तर बाराजणांत कुणाला कळलंच नसतं की अभिनंदन करायचं की सांत्वन.

"मग तू काय केलंस?"

"खाली उभी राहून फोटो काढला," ती म्हणाली. "बाबा काढत होते."

*

हा एक छोटा. पाचाडला, रायगडाच्या पायथ्याशी, एकांची खानावळ आहे. त्यांनी एकदा घडी घातलेला पेपर नॅपकिन सरांपुढे ठेवला. गड बघायला आलेल्या पुण्याच्या एका साहेबांनी जेवता जेवता त्यावर पाच कॉलेजांची नावं लिहून दिली होती. पाचही अशी की त्यांत शिरायला पोराला दोन वर्षं कोंडून घ्यावं लागेल.

"साहेब लई मोठ्या कंपनीत हायत," मालक म्हणाले. "त्यांना काय म्हाईत नसंल?"

"तुमच्या मुलीला मार्क किती, विचारलं त्यांनी?"

"नाय. पिठल्यात तिखट कमी टाका बोलले."

मुलगी त्यांना भाकरी वाढायला तिथेच होती. तिला काय शिकायचंय हे ना साहेबांनी विचारलं, ना वडिलांनी. आम्ही विचारलं तर तिने यादीतल्या पाचव्या नावावर बोट ठेवलं. वडिलांनी तो नॅपकिन घडी करून परत खिशात घातला आणि मग सही केली.

*

आता जवळच्याच एका कॉलेजबद्दल. नाव घेत नाही. इथून एसटीने तासाभरावर, हायवेपासून थोडं आत, नवी कोरी इमारत, पुढे सगळी काच. जूनमध्ये त्यांची माणसं गावोगाव फिरून पोरांना सॅक वाटतात. सर जाऊन आले. मायक्रोस्कोप आले तसे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. प्रयोगशाळेचं कुलूप गंजलेलं. किल्ली मागितली तर शिपाई म्हणाला, "उद्घाटनाला होती."

अर्थात ते आमच्या यादीत नाही. तरी पालकांचा जीव त्याच्यावर, कारण पोर रोज घरी येतं. आणि फॉर्मचा नियम असा आहे की जे नाव तुम्ही पहिलं लिहाल ते मिळालं तर घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्या तुम्हाला बंद. म्हणून आम्ही घसा फोडून सांगतो, जिथे खरोखर जायचंय तेच पहिलं लिहा.

सागर नावाच्या मुलाच्या आईने ऐकलं नाही. हे जवळचं कॉलेजच पहिलं लिहायचं म्हणून अडून बसली. "मॅडम, ह्याचा बाप मुंबईला, सासू अंथरुनाला. ह्यो पन गेला तर मी कोनाशी बोलू?"

मी तिला फैलावर घेतलं. लायब्ररीत पंधरा-वीस माणसं होती, त्यांच्यादेखत. "ताई, तुम्हाला सोबत हवी म्हणून पोराचं आयुष्य अडवायचं का? उद्या तो तुम्हाला विचारेल तेव्हा काय सांगाल?" ती पदराने तोंड पुसत राहिली. नाव मात्र पहिलंच ठेवलं. सागरला ते मिळालं.

पुढच्या वर्षी एका शनिवारी सागर लायब्ररीत आला. सर होते. तो बराच वेळ पुस्तकं चाळल्यासारखं करत राहिला, मग म्हणाला, "सर, बारावीनंतर ब्युरेट हातात धरलेली नाय. परीक्षा हाय. एकदा टायट्रेशन करून बघू काय?"

सरांनी रविवारी आमची प्रयोगशाळा उघडली. शिपाई नव्हता, तर पाणीसुद्धा त्यांनीच भरलं. मीही गेले होते. सागर थेंब थेंब सोडत होता, सर हाताची घडी घालून मागे उभे होते. फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी झालं, सागरने तोटी बंद केली आणि तो फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरून उभाच राहिला. त्याची आई डबा घेऊन बाहेर पायरीवर बसली होती.

"झाला काय रे?" तिने आत बघून विचारलं.

"झाला."

मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमी बोललेला तवा ऐकाया पायजे होता ना?"

मला त्या दिवशी तिच्यावर ओरडल्याची फार लाज वाटली. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

*

शेवटचा. गेल्या पावसाळ्यातला.

सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, ते बहिणीकडे पनवेलला होते. लायब्ररीत मी एकटी आणि मदतीला ऋतुजा. आदल्या दिवशी बाजारात पाणी येऊन गेलं होतं, घाटात दरड पडलेली, त्यामुळे गर्दी कमी होती. फॉर्मची शेवटची तारीख. दुपारपर्यंत बाकीच्यांचे उरकले आणि आम्ही ऋतुजाचा फॉर्म उघडला.

चार नावं ठरलेली होती. घाटावरचं पहिलं, मग यादीतली आणखी तीन. मी ती भरली. तेवढ्यात खालून हाक आली. कुणाचे तरी आजोबा नातीचे दाखले घेऊन आले होते, त्यांना जिना चढवत नव्हता. ऋतुजा खाली गेली.

मी स्क्रीनकडे बघत बसले. जवळच्या कॉलेजचं नाव शोधायला मिनिटभर लागलं असेल. ते घेतलं आणि पहिल्या नंबरावर नेलं. घाटावरचं दुसरं झालं. कुणी विचारलं असतं तर कारणंही तयार होती. घाट पावसाळ्यात बंद असतो, तिला सर्दी लवकर होते, होस्टेलचं जेवण तिला मानवणार नाही. तिचे मार्क बघता पहिलं मिळणारच होतं, आणि मिळालं की घ्यावं लागणार होतं. किती पोरांना मी हे समजावलं असेल. माझ्या नकळत काही घडलं, असं मी म्हणू शकत नाही. मला ती संध्याकाळी घरी यायला हवी होती.

ऋतुजा वर आली. ओले हात ओढणीला पुसले आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

"झालं?"

"हो. लॉक करते."

मी बटण दाबलं. लॉक करायच्या आधी साइट सगळी यादी पुन्हा दाखवते, ठळक अक्षरांत, आणि खाली ओटीपीसाठी चौकट येते. ओटीपी ज्याचा फॉर्म त्याच्या फोनवर जातो. तिच्या हातातला फोन वाजला. तिने फोनकडे बघितलं नाही. ती स्क्रीनकडे बघत होती. पाच नावं वाचायला असा कितीसा वेळ लागतो.

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानातला गाळ फावड्याने ओढत होतं.

"आला का?" मी विचारलं.

"आला."

"सांग."

"चार," ती म्हणाली. "सात. शून्य. दोन."

मी चार आकडे टाकले. ती थांबली होती.

"आई, अजून बदलता येतं."

माझं बोट की-बोर्डवर होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"पुढचे दोन सांग," मी म्हटलं.

तिने सांगितले.